काळ्याभोर अक्षरांचा कलावंत : ऑसवल्ड कूपर

रस्त्याने जाताना आपण कितीतरी अक्षरे वाचतो. दुकानांवरील पाट्या, चित्रपटांची भित्तिपत्रके, बिस्किटांच्या पुड्यांवरील नावे, बसगाड्यांवरील जाहिराती ही अक्षरे आपण मुद्दाम वाचायला जात नाही. तीच आपल्याला थांबवतात. घरी येऊन एखादे पुस्तक उघडले, की तेथील अक्षरे अगदी निराळी दिसतात. ती बारीक, एकसारखी आणि शांत असतात. वाचनात मन रमले, की समोर अक्षरे आहेत याचेही भान उरत नाही. पाटीवरचे अक्षर स्वतःकडे लक्ष वेधण्यासाठी घडवलेले असते आणि पुस्तकातले अक्षर स्वतःचा विसर पाडण्यासाठी. ही दोन्ही प्रकारची अक्षरे कोणीतरी विचारपूर्वक रेखाटलेली असतात, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या मनात येत नाही.

रोमन लिपीतील अशाच एका लक्षवेधी अक्षरवळणाचे नाव ‘कूपर ब्लॅक’ असे आहे. ‘ब्लॅक’ म्हणजे काळे. मुद्रकांच्या भाषेत अतिशय जाड अक्षराला हा शब्द लावतात. या अक्षरांच्या रेघा भरीव असतात आणि त्यांचे कोपरे लोण्यासारखे मऊ, गोलसर असतात. जगातील असंख्य माणसांनी ही अक्षरे पाहिली आहेत. परंतु ती घडवणाऱ्या ऑसवल्ड ब्रूस कूपर यांची ओळख फारच थोड्यांना आहे. शाळा अर्धवट सोडून छापखान्यात उमेदवारी करणारा एक मुलगा आपल्या कलेत मान्यता कशी मिळवतो, याची ही कथा आहे.

कूपर यांचा जन्म १३ एप्रिल १८७९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात माउंट गिलियड या लहानशा गावी झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल या गावी राहावयास गेले आणि त्यांचे बालपण तेथेच गेले. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी माध्यमिक शाळा सोडली आणि ते एका छापखान्यात उमेदवार म्हणून काम करू लागले.

त्या काळातील छापखान्याचे काम आजच्यापेक्षा फार वेगळे होते. शिसे, कथील आणि अँटिमनी या धातूंच्या मिश्रणातून ओतलेले अक्षरांचे खिळे लाकडी पेटीच्या खणांत ठेवलेले असत. जुळारी हे खिळे एकेक करून उचलत आणि त्यांच्या ओळी जुळवत. खिळ्यावरील अक्षर उलटे असे, म्हणून ओळ उलटी वाचण्याची सवय करावी लागे. छपाई संपली, की सर्व खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात टाकावे लागत. उमेदवाराच्या वाट्याला मुख्यतः हीच कामे येत. शिवाय झाडलोट करणे, शाईचे रूळ पुसणे आणि निरोप पोहोचवणे हेही त्यालाच करावे लागे. हे काम कष्टाचे आणि हात काळे करणारे होते. परंतु रोज हजारो अक्षरे बोटांखालून जात असल्यामुळे, एका अक्षरवळणातील ‘अ’ दुसऱ्यातील ‘अ’पेक्षा कसा निराळा असतो, हे छापखान्यातील माणसाला कोणी न सांगताही कळू लागते. कूपर यांच्या शिक्षणाचा पाया अशा वातावरणात घातला गेला.

तथापि, त्या वेळी त्यांच्या मनात अक्षरे नव्हती, तर चित्रे होती. त्यांना पुस्तकांसाठी व नियतकालिकांसाठी चित्रे काढणारा चित्रकार व्हायचे होते. या ओढीने ते तरुण वयातच शिकागो शहरात आले. शिकागो हे तेव्हा अमेरिकेतील झपाट्याने वाढणारे शहर होते. देशाच्या चारही दिशांना जाणारे लोहमार्ग तेथे एकत्र येत. टपालाने वस्तू विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड व सीअर्स रोबक या मोठ्या व्यापारी पेढ्यांची जाडजूड सूचिपत्रे तेथूनच घरोघरी जात. साहजिकच छापखाने, खिळे ओतण्याचे कारखाने आणि जाहिराती तयार करणाऱ्या कचेऱ्या यांची तेथे गर्दी झाली होती.

शिकागोत कूपर यांनी फ्रँक होम यांच्या चित्रकला विद्यालयात प्रवेश घेतला. होम हे वृत्तपत्रांसाठी चित्रे काढणारे नामवंत चित्रकार होते. त्यांना मुद्रणकलेचाही छंद होता. त्यांनी स्वतःचा एक छोटा छापखाना काढला होता आणि त्याला रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील माकडांवरून ‘बंदर लॉग प्रेस’ असे गमतीदार नाव दिले होते. भारतातील जंगलातले ‘बंदरलोग’ अशा रीतीने अमेरिकेतील एका छापखान्याच्या नावात जाऊन बसले होते.

या विद्यालयात कूपर यांना एक कटू सत्य उमगले. चित्रे काढणे हे आपले खरे क्षेत्र नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ज्यासाठी घर सोडले, तीच गोष्ट आपल्याला साधत नाही, हे कळणे कोणाही तरुणाला सोपे नसते. परंतु त्याच विद्यालयात फ्रेडरिक गाउडी हे अक्षरलेखन शिकवत असत. गाउडी पुढे अमेरिकेतील अतिशय प्रसिद्ध अक्षरकार झाले. त्यांच्या वर्गात कूपर यांना आपली खरी वाट सापडली. चित्रात न सापडलेली सहजता त्यांच्या हाताला अक्षरांत सापडली. याच विद्यालयात विल्यम अॅडिसन ड्विगिन्स हेही शिकत होते. तेही पुढे मोठे अक्षरकार व ग्रंथसजावटकार म्हणून मान्यता पावले. काही काळाने कूपर स्वतःच त्या विद्यालयात अक्षरलेखन शिकवू लागले.

विद्यालयाशेजारीच फ्रेड बर्ट्श नावाचे गृहस्थ जाहिरातींसाठी चित्रे पुरवणारी कचेरी चालवत. त्यांनी कूपर यांचे काम पाहिले आणि त्यांची योग्यता ओळखली. १९०४ साली दोघांनी मिळून ‘बर्ट्श अँड कूपर’ ही संस्था सुरू केली. बर्ट्श यांनी गिऱ्हाईक आणावे आणि कूपर यांनी अक्षरे घडवावीत, अशी ही जोडी जमली. त्या काळी मोठ्या जाहिरातींची शीर्षके पुष्कळदा हातानेच रेखाटली जात, कारण तयार खिळ्यांत हवे तसे अक्षर मिळत नसे. कूपर अशी शीर्षके रेखाटत. इतकेच नव्हे, तर प्रसंगी जाहिरातीचा मजकूरही स्वतःच लिहीत. अक्षराचा आकार आणि शब्दाचा अर्थ या दोन्ही बाजू त्यांच्या हाती असल्यामुळे त्यांच्या जाहिरातींना एकजिनसीपणा येत असे. १९१४ साली या संस्थेने खिळे जुळवण्याचा विभागही सुरू केला आणि जाहिरातीचे रेखाटनापासून जुळणीपर्यंतचे काम एकाच ठिकाणी होऊ लागले.

पॅकार्ड या मोटारगाड्यांच्या कंपनीसाठी कूपर यांनी रेखाटलेली अक्षरे विशेष गाजली. अमेरिकन टाइप फाउंडर्स या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने १९१३ साली त्या अक्षरांवरून ‘पॅकार्ड’ नावाचे खिळे तयार केले. एका जाहिरातीसाठी हाताने काढलेले अक्षर आता कोणत्याही छापखान्याला विकत घेता येऊ लागले.

यानंतर शिकागोतील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीने कूपर यांना खास आपल्यासाठी अक्षरवळण तयार करण्याची गळ घातली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे ‘कूपर’ हे अक्षरवळण बाजारात आले. हे पुस्तकी मजकुरासाठी योग्य असे सौम्य वळण होते. जुन्या इटालियन व इंग्रजी ग्रंथांतील अक्षरांची डौलदार ठेवण त्यात होती. परंतु अक्षरांची टोके मात्र त्यांनी गोलसर ठेवली होती. रोमन अक्षरांच्या रेघांच्या टोकांना जे लहान आडवे पाय असतात, त्यांना ‘सेरिफ’ म्हणतात. सामान्यतः हे पाय टोकदार किंवा चौकोनी असतात. कूपर यांनी ते घासून गुळगुळीत झालेल्या नदीतल्या गोट्यांसारखे केले. हाच विशेष पुढे त्यांच्या कीर्तीस कारण झाला.

येथे थोडे थांबून ठळक अक्षरांचा इतिहास पाहिला पाहिजे. युरोपात मुद्रणाच्या आरंभापासून सुमारे साडेतीनशे वर्षे खिळे घडवले जात, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी व्यापार वाढला, भिंतींवर जाहिराती चिकटवल्या जाऊ लागल्या आणि दुरून दिसणाऱ्या अक्षरांची गरज भासू लागली. तेव्हा लंडनमधील रॉबर्ट थॉर्न यांनी अतिशय लठ्ठ रेघांची अक्षरे प्रचारात आणली. १८१५च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स यांनी जाड चौकोनी पायांची अक्षरे काढली, तर १८१६च्या सुमारास चौथे विल्यम कॅस्लन यांनी पाय मुळीच नसलेले अक्षर आपल्या नमुनापुस्तकात छापले. धातूचे फार मोठे खिळे जड व महाग होत, म्हणून न्यूयॉर्कचे डॅरियस वेल्स १८२७ साली यंत्राच्या साहाय्याने लाकडी अक्षरे बनवू लागले. जाहिरातदारांना रोज नवा चमत्कार हवा असे. त्यामुळे छाया असलेली, वेलबुट्टीची, ताणलेली आणि दबलेली अशी शेकडो वळणे जन्माला आली. त्यांतील बहुतेक वळणे काही वर्षांतच विस्मृतीत गेली. केवळ नवलाईच्या जोरावर उभे राहिलेले अक्षर ती नवलाई ओसरताच जुने वाटू लागते.

‘कूपर’ या सौम्य वळणाचीच अतिशय जाड आवृत्ती असावी, अशी कंपनीची इच्छा होती. जाहिरातदारांची मागणी कंपनीला ठाऊक होती. या मागणीतून ‘कूपर ब्लॅक’ तयार झाले आणि १९२२ साली बाजारात आले.

अक्षर जाड करणे म्हणजे केवळ त्याच्या रेघा फुगवणे नव्हे. रोमन लिपीतील ‘ए’ किंवा ‘ई’ या लहान अक्षरांच्या पोटात थोडीशी मोकळी जागा असते. रेघ जाड होत गेली, की ही जागा आकसते आणि शाई भरून अक्षराचा केवळ काळा ठिपका होण्याची भीती असते. आपल्या देवनागरीतही हीच अडचण येते. पाटीवर फार जाड अक्षर काढताना रंगाऱ्याला ‘क’च्या पोटातील पोकळी आणि रफाराची रेघ जपावी लागते; नाहीतर शब्द दुरून वाचता येत नाही. म्हणजे ठळक अक्षर घडवताना काळ्या भागापेक्षा उरलेल्या पांढऱ्या भागाची काळजी अधिक घ्यावी लागते.

कूपर यांनी ही काळजी मोठ्या कौशल्याने घेतली. त्यांनी लहान अक्षरांचा मुख्य भाग उंच ठेवला. त्यामुळे पोकळीला जागा मिळाली. ओळीच्या खाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड केल्या. त्यामुळे एकाखाली एक ओळी अगदी जवळ बसवता येऊ लागल्या आणि शीर्षक एखाद्या घट्ट गठ्ठ्यासारखे दिसू लागले. ‘ओ’ या अक्षराच्या आतील पोकळी त्यांनी सरळ उभी न ठेवता थोडी कलती ठेवली. या कलामुळे जड अक्षरालाही हालचाल आली. सर्व पाय आणि कोपरे गोल केल्यामुळे इतका काळेपणा असूनही अक्षर अंगावर येत नाही. ते मोठ्याने बोलते, पण रागावून बोलत नाही. एखाद्या जाड, हसतमुख माणसाने दारात उभे राहून आत बोलवावे, तसा त्याचा स्वभाव आहे.

हा स्वभाव कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. दोनचार शब्दांचे शीर्षक, दुकानाचे नाव, खाऊच्या पुडीवरील छाप, खेळाची किंवा गाण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात यांसाठी असे अक्षर उत्तम. परंतु याच अक्षरांत एखादे पूर्ण पान छापले, तर ते पान काळेकुट्ट होईल आणि वाचणाऱ्याचे डोळे थोड्याच वेळात थकतील. शोकवार्ता किंवा न्यायालयाची नोटीस अशा अक्षरांत छापली, तर ती विचित्र वाटेल. लग्नाच्या वरातीतला बँड सभागृहातल्या गंभीर सभेत वाजवत नाहीत. अक्षरांनाही असेच प्रसंगाचे भान ठेवावे लागते. कूपर यांना हे भान होते. म्हणून त्यांनी वाचनासाठी सौम्य वळण आणि हाकेसाठी ठळक वळण अशी दोन्ही रूपे एकाच घराण्यात घडवली.

‘कूपर ब्लॅक’ला विलक्षण यश मिळाले. छापखाने त्याची भराभर मागणी करू लागले आणि लवकरच ते बार्नहार्ट कंपनीच्या सर्वाधिक खपणाऱ्या अक्षरवळणांपैकी एक झाले. या यशानंतर त्याची भावंडेही निघाली. १९२५ साली ‘कूपर हायलाइट’ आले. त्यात प्रत्येक काळ्या अक्षराच्या अंगावर उजेड पडल्यासारखी एक पांढरी रेघ होती. १९२६ साली तिरके ‘कूपर ब्लॅक इटॅलिक’ आले. १९२९ साली ‘कूपर फुलफेस’ नावाचे, जाड आणि बारीक रेघांत मोठा फरक असलेले वळण निघाले.

यशाबरोबर टीकाही आली. छपाईच्या जुन्या, संयमी परंपरेचे अभिमानी असलेल्या काहींना हे अक्षर बटबटीत वाटले. नियतकालिकांची पाने या काळ्या अक्षरांनी भरून गेल्याचे पाहून, एखादे संकट ओढवल्याच्या सुरात ते बोलू लागले. कूपर यांनी या टीकेला संतापून उत्तर दिले नाही. ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचे दिसत नाही, अशा दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी हे अक्षर आहे, असा विनोद ते करीत. या विनोदात त्यांच्या स्वभावाची ओळख पटते. आपण महान ग्रंथासाठी अक्षर घडवलेले नाही, तर बाजारातल्या कामासाठी घडवले आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि त्या कामाची त्यांना लाज वाटत नव्हती.

टीकेपेक्षा अधिक गंभीर प्रश्न नकलेचा होता. अमेरिकेच्या कायद्याने पुस्तकाला किंवा चित्राला स्वामित्वहक्काचे संरक्षण होते. परंतु अक्षराच्या आकाराला तसे संरक्षण मिळत नसे. त्यामुळे एखादे वळण लोकप्रिय झाले, की दुसऱ्या कंपन्या त्यासारखेच वळण काढून विकू लागत. १९२४ साली लडलो कंपनीने ‘लडलो ब्लॅक’ काढले. त्याचे ‘कूपर ब्लॅक’शी असलेले साम्य कोणाच्याही लक्षात येण्याजोगे होते. १९२५ साली मोनोटाइप कंपनीला ‘कूपर ब्लॅक’शी स्पर्धा करू शकेल असे अक्षर हवे होते. तिने हे काम ज्यांच्याकडे सोपवले, ते दुसरे तिसरे कोणी नसून फ्रेडरिक गाउडी होते. त्यांनी ‘गाउडी हेवीफेस’ हे वळण तयार केले. ज्या गुरूने कूपर यांना अक्षरांची वाट दाखवली, त्यालाच शिष्याच्या अक्षराला उत्तर देण्याची पाळी आली. शिष्याच्या योग्यतेचा याहून मोठा पुरावा क्वचितच मिळेल.

कूपर यांचे नकलेविषयीचे मत स्पष्ट होते. जुन्या काळातील किंवा समकालीन थोर कलावंतांचे काम अभ्यासावे, त्यांच्या शैलीत काम करण्यातही वावगे नाही; परंतु प्रत्यक्ष निर्मिती करताना दुसऱ्याचे काम समोर ठेवू नये, असे ते सांगत. केवळ नक्कल करून आजवर कोणी मोठा झालेला नाही आणि स्वतःची गुणवत्ता जोपासल्याशिवाय कोणी निष्णात होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. हा विचार त्यांनी स्वतःच्या कामात आचरणात आणला. त्यांच्या अक्षरांत जुन्या ग्रंथांचा अभ्यास जाणवतो. परंतु त्या अक्षरांना कोणत्याही जुन्या अक्षराची प्रत म्हणता येत नाही.

१९२४ साली बर्ट्श संस्थेतून निवृत्त झाले. कूपर मात्र काम करीतच राहिले. पुढे आर्थिक मंदीचा काळ आला. जाहिराती कमी झाल्या, छापखान्यांची खरेदी घटली. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर ही कंपनी अमेरिकन टाइप फाउंडर्सने १९११ सालीच विकत घेतली होती; परंतु कामगारांना दुसरी नोकरी शोधण्यास किंवा निवृत्त होण्यास पुरेसा अवधी मिळावा, म्हणून प्रत्यक्ष विलीनीकरण वीस वर्षे लांबवण्याचे ठरले होते. अखेर १९३३ साली शिकागोतील तो कारखाना बंद झाला. कारखाना गेला, पण ‘कूपर ब्लॅक’ टिकले. अमेरिकन टाइप फाउंडर्सने त्याचे खिळे विकणे चालूच ठेवले.

१७ डिसेंबर १९४० रोजी शिकागो येथे कर्करोगाने ऑसवल्ड कूपर यांचे निधन झाले. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. मित्रमंडळी त्यांना प्रेमाने ‘ऑझ’ म्हणत. १९४९ साली शिकागोतील ‘सोसायटी ऑफ टायपोग्राफिक आर्ट्स’ या संस्थेने ‘द बुक ऑफ ऑझ कूपर’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांच्या कार्याचा गौरव केला.

कूपर यांच्या मृत्यूनंतर छपाईचे तंत्र पार बदलले. धातूच्या खिळ्यांची जागा छायाचित्रणाच्या तंत्राने घेतली. १९६०च्या दशकात घासून कागदावर उमटवण्याची तयार अक्षरेही मिळू लागली. धातूचे दोन खिळे एकमेकांना ठरावीक अंतरापेक्षा जवळ आणता येत नसत. नव्या तंत्रात ही अडचण उरली नाही. अक्षरे एकमेकांना चिकटवता येऊ लागली आणि ‘कूपर ब्लॅक’च्या गोल पोटांना हा शेजार चांगलाच मानवला. १९६६ साली ‘बीच बॉइज’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ही अक्षरे झळकली आणि नव्या पिढीने ती आपलीशी केली. १९६८ साली सुरू झालेल्या ‘डॅड्स आर्मी’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेच्या नामावलीतही तीच अक्षरे होती. १९७०च्या दशकात इस्त्रीने कपड्यावर चिकटवण्याची मखमली अक्षरे निघाली. त्यांसाठीही हे वळण सोयीचे ठरले. कापडावर बारीक रेघ आणि टोकदार कोपरा लवकर सुटतो. जाड, गोल अक्षर मात्र टिकून राहते. १९९५ साली सुरू झालेल्या ‘इझीजेट’ या ब्रिटिश विमान कंपनीने आपल्या नावासाठी हेच वळण निवडले. स्वस्त आणि सर्वसामान्यांसाठी असलेल्या प्रवासाला हे हसरे अक्षर शोभून दिसले.

संगणक आल्यावर तर हे अक्षर घरोघरी पोहोचले. संगणकावर लिहिताना अक्षरवळणांची जी यादी उघडते, तिच्यात पुष्कळदा ‘कूपर ब्लॅक’ हे नाव आढळते. वाढदिवसाचे निमंत्रण किंवा दुकानाचे फलक तयार करणारी व्यक्ती यादीतून ते नाव निवडते, तेव्हा आपण एका माणसाचे नाव उच्चारत आहोत, हे बहुधा तिच्या ध्यानात येत नाही.

कूपर यांनी पुस्तकासाठी घडवलेले सौम्य वळण आज फारसे कोणाला आठवत नाही आणि बाजारासाठी घडवलेले ठळक वळण मात्र शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. आपल्या कामापैकी नेमके काय टिकेल, हे करणाऱ्याच्या हाती नसते. पण काम लहान आहे की मोठे, याचा विचार न करता ते सारख्याच निष्ठेने करणे हे मात्र त्याच्या हाती असते. कूपर यांनी जाहिरातीच्या दोन शब्दांसाठीही ग्रंथाच्या पानाइतकीच मेहनत घेतली, म्हणून त्यांचे अक्षर नवलाई संपल्यावरही उरले.

त्यांच्याजवळ माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नव्हते. ज्या कलेसाठी ते घर सोडून शहरात आले, तीही त्यांना साधली नाही. तरीही छापखान्यात काळ्या झालेल्या हातांनी जे शिकले, ते त्यांनी वाया जाऊ दिले नाही. एक वाट बंद झाल्यावर ते शेजारच्या वर्गात जाऊन बसले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. पुढच्या वेळी एखाद्या पाटीवरचे जाड, गोल, हसरे अक्षर आपल्याला क्षणभर थांबवील, तेव्हा त्याच्या पोटातील ती छोटीशी पांढरी जागा अवश्य पाहावी. ती जपण्यासाठी कोणीतरी मन लावून काम केलेले असते.